आठ किलो

हॅलिफॅक्सला, ओढ्याकाठी, गालिचे विणायच्या जुन्या गिरणीच्या
तळघरात आता जिम आहे.
छत बुटकं. खिडकी एकच, तीही फुटपाथच्या पातळीला,
तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात.

मंगळवारी आणि शुक्रवारी, हॉस्पिटलातून सुटले की
मी इथे येते.
दिवसभर परक्यांचे मणके बघायचे,
श्वास धरा, हलू नका, झालं, सोडा,
आणि संध्याकाळी स्वतःचे,
अंधारात बटण चाचपावं तसे शोधायचे.

जानेवारीत मी बावीसचं डंबेल ओढत होते.
ओढत म्हणजे काय,
कंबरेला हिसका, खांद्याला झोला,
पावसाळ्यातल्या स्कूटरला किक मारावी तसं अख्खं अंग घालून
ते लोखंड एकदाचं बरगडीशी आणायचं.
वहीत मात्र सुबक अक्षरात:
बावीस, दहा वेळा, तीन फेऱ्या.
वहीला हिसका दिसत नाही.
शेजारचा कॅलम, विशीतला, एकदा म्हणाला, भारी!
त्या एका शब्दावर मी दोन महिने काढले.

नॉर्मन जिम उघडतो, बंद करतो, फरशी पुसतो.
पूर्वी तो घरोघर कोळशाची पोती टाकायचा.
त्याने एक दिवस काही न बोलता
कागदी कप पाण्याने अर्धा भरला
आणि वाकलेल्या माझ्या कंबरेवर ठेवला.
ओढ आता, म्हणाला.

टीशर्ट, बाक, बूट, सगळं ओलं.
अठरा. सांडलं.
चौदा. सांडलं, जरा उशिरा.
दहाला, सातव्या वेळी.
मग आठ,
ते गुलाबी रबरातलं,
जे हातात असताना लोक आरशाकडे बघत नाहीत.

हात विसर, पोरी, तो म्हणाला,
हात म्हणजे नुसता आकडा, वजन अडकवायचा.
कोपर मागच्या खिशात घालायचंय तुला.

आकडा!
मी तर वहीतल्या आकड्यालाच हात समजत आले होते.

कोपर खिशाकडे निघालं. हळू.
पाठीत, उजवीकडे, खाली,
जिथे सत्तेचाळीस वर्षांत कुणी राहत नव्हतं,
तिथे कुणीतरी दिवा लावला.
आणि कुठूनसा भुशाचा वास आला.

डावा गुडघा फळीवर,
डावा पंजा फळीवर, बोटं पसरलेली,
पाठ सपाट, मान तिच्याच रेषेत,
उजवं कोपर बरगडीला घासून मागे.
हे मी पाहिलंय.
तासगावला, दुकानाच्या पायरीवर बसून,
ढलप्यांच्या बांगड्या मनगटात घालत,
कित्येक दुपारी.
तात्या सागवान कापायचे ते असेच.
पेन्सिलीच्या रेघेवरचा भुसा फुंकायचे,
आणि करवत माझ्या हातात आली की म्हणायचे,
जोर नको लावूस, पातं वाकतं.
दात आहेत ना त्याला? ते चावतील.
तू रेघ सोडू नकोस म्हणजे झालं.

त्यांच्या पाठीचं मला तेव्हा काही वाटलं नाही.
पाठ म्हणजे गंजिफ्रॉकवरचा घाम,
आणि मध्ये एक कोरडा पट्टा.
हजारो लोकांच्या पाठी मी नंतर काचेवर टांगल्या,
त्यांची एकदाही नाही.

नववा. दहावा.
कप हलला, कडेपर्यंत गेला, परत आला.
कॅलमने कानातलं काढून विचारलं, आज हलकं?
आज हलकं, मी म्हटलं.
घाम हनुवटीवरून टपकत होता.

नॉर्मनने कप उचलला, उजेडाकडे धरून बघितला,
उरलेलं पाणी पिऊन टाकलं
आणि फरशी पुसायला गेला.
डावी बाजू अजून बाकी होती.